मंत्रबळ, मनोबळ आणि तिसरा खेळाडू
(द्वितीय वर्ष, कला)

शक्ती कितीही अद्भुत असली तरी खेळात तिला हिशेब द्यावा लागतो. प्रस्तुत लेखात अशाच एका हिशेबाचा विचार करावयाचा आहे. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन जे भूमिकाखेळ खेळले जातात, त्यांत मंत्राची शक्ती आणि मनाची शक्ती एकाच पटावर आल्या तर त्यांचा तोल कसा राखावा, हा या लेखाचा विषय आहे. विषय प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. राक्षस, मांत्रिक आणि गुहा यांचा पदवीच्या अभ्यासक्रमाशी काय संबंध, असेही कोणी विचारील. तथापि एका पटाभोवती सहा माणसे बसली, त्यांना निरनिराळी सामर्थ्ये दिली, आणि तरीही प्रत्येकाला आपण खेळात आहोत असे वाटले पाहिजे, हा प्रश्न पोरकट नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

खेळाची ओळख

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. यात एक जण कथा पुढे नेतो. इतर खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्र काय करणार हे खेळाडू बोलून सांगतो. ते साधते की फसते हे फासे ठरवितात. येथे जिंकणे-हरणे असे नसते. कथा रंगली की सर्वांचा डाव साधला.

कथा नेणाऱ्याला आमच्या टेबलावर सर्रास ‘डीएम’ म्हणतात. मंत्राला ‘स्पेल’ आणि पात्राच्या पायरीला ‘लेव्हल’. लेखापुरते मी सूत्रधार, मंत्र आणि पायरी हे शब्द वापरतो. सूत्रधार हा शब्द तर नाटकाच्या रंगभूमीवरून आयताच मिळाला आहे, आणि मुलुंडकरांना महाकवी कालिदास नाट्यमंदिरामुळे तो परका नाही.

या खेळात शक्तीचे दोन प्रवाह आले. पहिला मंत्रविद्येचा. दुसरा मनःशक्तीचा, ज्याला इंग्रजीत ‘सायऑनिक्स’ म्हणतात. मनाच्या गूढ शक्तीसाठी वापरले जाणारे ‘साय’ हे ग्रीक अक्षर आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ यांच्या जोडणीतून हा शब्द घडला, आणि जॉन कॅम्पबेल या विज्ञानकथा मासिकाच्या संपादकाने १९५० नंतरच्या दशकात तो रूढ केला. मांत्रिक बाहेरून शक्ती मिळवितो. ग्रंथ, उच्चार, हस्तमुद्रा आणि सामग्री ही त्याची साधने. मनोबळी मात्र शक्ती स्वतःच्या चित्तातून काढतो. त्याला पोथी लागत नाही आणि ओठही हलवावे लागत नाहीत.

हा भेद आपल्याकडचाच

हे वाचून मराठी वाचकाला काही आठवल्यावाचून राहणार नाही. पातंजल योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धींची पाच उगमस्थाने सांगितली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. म्हणजे मंत्राने मिळणारे सामर्थ्य आणि चित्ताच्या एकाग्रतेने मिळणारे सामर्थ्य ही दोन वेगळी खाती आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच उघडली होती. तिसऱ्या पादात दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान, अदृश्य होणे, हत्तीचे बळ येणे, परकायाप्रवेश, आकाशगमन अशा विभूतींची यादी आहे. पाश्चात्त्य खेळातील मनःशक्तीच्या शाखा तिच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. पुष्कळशा जोड्या आपोआप जुळतात.

परंतु योगसूत्रांत आणखी एक गोष्ट आहे आणि खेळाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. या सिद्धी व्यवहारात सिद्धी असल्या तरी समाधीच्या वाटेवर त्या अडथळाच आहेत, असे तेथे स्पष्ट बजावले आहे. दुसऱ्या शब्दांत, सामर्थ्य फुकट नाही. जो ते वापरील त्याचे काहीतरी मागे राहील.

अनेक घरांत श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ वाचला जातो. मालू नरहरी यांनी शके १७४१ म्हणजे १८१९ साली रचलेल्या या चाळीस अध्यायांच्या ग्रंथात शाबरी मंत्रविद्येची आणि योगसामर्थ्याची रेलचेल आहे. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून केवळ कथारचनेकडे पाहिले तर काय दिसते? एका अस्त्राला दुसरे अस्त्र उत्तर देते. अग्नीला पर्जन्य सापडतोच. आणि मच्छिंद्रनाथ परकायाप्रवेश करून राजाच्या मृत देहात शिरतात तेव्हा त्यांचा स्वतःचा देह इकडे निश्चेष्ट पडून राहतो आणि तो इतरांना राखावा लागतो. एवढी मोठी सिद्धी, आणि तिला केवढे मोठे उणे! ही अट नसती तर पुढची कथाच घडली नसती. प्रतिकार आणि किंमत या दोन खिळ्यांवर सगळे कथानक टांगलेले आहे.

चांगदेवांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. चौदाशे वर्षे योगबळावर जगलेले चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन निघाले. समोरून ज्ञानदेवादी भावंडे भिंतीवर बसून सामोरी आली. जिवंत प्राण्यावर सत्ता चालविणे ही एक जात, आणि निर्जीव भिंत चालविणे ही दुसरी. लक्षात घ्यावे, की कथेत वाघ आणि भिंत यांची झुंज लागत नाही. चांगदेवांनी पाठविलेल्या कोऱ्या कागदावरून इतकी वर्षे जगूनही ते कोरेच राहिले, असा शेरा आख्यायिकेत मारते ती वयाने सर्वांत लहान मुक्ताबाई. दोन सामर्थ्ये भेटली की अधिक बळ कोणाचे हा एकच प्रश्न नसतो, हे या कथेने जाणले होते.

सावंतवाडीची गंजिफा

कथा झाल्या, प्रत्यक्ष खेळाचे उदाहरण हवे असेल तर तेही महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगविलेली गोल पत्त्यांची दशावतारी गंजिफा आजही तयार होते. तिचे पत्ते १२०, रंग दहा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पत्ते.

आता पाहा. दहा अवतार एका टेबलावर आणले तर श्रेष्ठ कोण? गंजिफेने या प्रश्नाला दोन मार्मिक उत्तरे दिली आहेत. एक, निम्म्या रंगांत अंकांचा क्रम उलटा असतो. काही रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दहा मोठा, तर काहींत एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. म्हणजे हाती मोठा आकडा आला म्हणून कोणी निर्धास्त होऊ शकत नाही. दोन, दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी पहिली. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. दोघांपैकी कोणालाही कमी न करता वेळ वाटून दिली. सामर्थ्ये समसमान करण्याऐवजी त्यांची क्षेत्रे आणि वेळा आखून द्यावयाच्या, हा तोल राखण्याचा जुना आणि भारतीय मार्ग आहे.

तोल ढळला कसा

पाश्चात्त्य खेळाच्या इतिहासात मात्र हा तोल बराच काळ सापडला नव्हता. मंत्रविद्येचे नियम आरंभापासून बांधीव होते. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून ती कल्पना घेतली होती: मांत्रिकाने सकाळी मंत्र पाठ करावयाचा, एकदा म्हटला की तो स्मरणातून पुसला जावयाचा. कोणत्या पायरीला कोणत्या प्रतीचे किती मंत्र, हे कोष्टक ठरवी.

मनःशक्ती आली ती १९७६ सालच्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीतून, आणि १९७८ च्या खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात तिला परिशिष्टात जागा मिळाली. तेथील नियम असा. पात्राची बुद्धी, शहाणपण किंवा व्यक्तिप्रभाव यांपैकी एखादा गुण १६ किंवा अधिक असेल तर फासे टाकावयाचे. मूळ शक्यता शंभरात एक, वर गुणांप्रमाणे थोडी भर. फासा लागला की ही शक्ती मिळाली. त्यासाठी पात्राला काही सोडावे लागत नसे. योद्धा योद्धाच राही, मांत्रिक मांत्रिकच राही, वर मनःशक्तीची ही बक्षिसी. शिवाय मनामनांतील द्वंद्व इतक्या जलद चाले, की सामान्य लढाईच्या एका फेरीत त्याच्या दहा फेऱ्या बसत. बाकीच्यांची तलवार म्यानातून निघेपर्यंत दोन मनांचे युद्ध आटोपलेले असे आणि बाकीचे खेळाडू नुसते बघत बसत.

लॉटरी लागलेल्या माणसाचा कोणी हेवा करो वा न करो, पण लॉटरी म्हणजे वेतनश्रेणी नव्हे. खेळात पुढे जाण्याचा एक मार्ग कष्टाचा आणि दुसरा नशिबाचा ठेवला, की कष्टाच्या मार्गाने जाणारा हळूहळू उठून जातो.

सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. १९९१ मध्ये मनःशक्तीचे स्वतंत्र पुस्तक आले आणि मनोबळी हा मांत्रिकासारखाच एक पूर्ण व्यवसाय झाला. त्याच वर्षी ‘डार्क सन’ नावाचे एक ओसाड, वाळवंटी जग खेळासाठी प्रसिद्ध झाले. तेथे मनःशक्ती जवळजवळ घरोघरी, परंतु मंत्रविद्या झाडाझुडपांचे प्राण शोषून चालते. मंत्र म्हटला की भोवतालची जमीन राख होते. म्हणून मांत्रिकाचा सर्वत्र तिरस्कार. नवनाथांच्या पोथीतील तत्त्व येथे पुन्हा भेटते: किंमत लावा आणि ती सर्वांना दिसू द्या.

निर्णायक सुधारणा २००४ सालच्या ब्रूस कॉर्डेल यांच्या विस्तारित ग्रंथात झाली. त्यात मंत्र आणि मनःशक्ती परस्परांना ‘दिसतील’ असा मूलनियम ठेवला. मंत्राला अडविणारे कवच मनःशक्तीलाही अडविणार, मंत्र मोडणारा उपाय मनःशक्तीही मोडणार. दोन्ही अगदी भिन्न मानावयाच्या असतील तर तोही पर्याय दिला, पण पर्याय म्हणूनच. कारण उघड आहे. भिन्न मानल्या तर मांत्रिकाविरुद्ध बांधलेला सर्व कोट मनोबळी विनासायास ओलांडतो. घराला दोन दारे आणि कुलूप एकालाच, असा तो प्रकार.

पुढे २०१७ पर्यंत नव्या आवृत्तीसाठी मनोबळीचा एक आराखडा चाचणीसाठी मांडला गेला, पण तो मागे पडला. आणि २०२० मध्ये मनःशक्ती योद्धा, चोर आदी जुन्या व्यवसायांच्या उपशाखांत थोडी थोडी वाटून देण्यात आली. म्हणजे पन्नास वर्षे होत आली तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही.

हिशेब

आता थोडे गणित. कलाशाखेच्या वाचकांनी भिऊ नये; रेशनच्या हिशेबापलीकडे ते जात नाही.

२००४ च्या नियमांप्रमाणे पाचव्या पायरीचा मनोबळी घेऊ. त्याच्याजवळ दिवसाला २५ गुणांचा साठा असतो. पहिल्या प्रतीच्या शक्तीला १ गुण, दुसरीला ३, तिसरीला ५. त्याच पायरीच्या मांत्रिकाला दिवसाला पहिल्या प्रतीचे तीन, दुसऱ्या प्रतीचे दोन आणि तिसऱ्या प्रतीचा एक मंत्र मिळतो (बुद्धीमुळे दोघांनाही मिळणारी भर सोडून दिली आहे). हेच दर लावले तर मांत्रिकाची एकूण पुंजी होते ३ अधिक ६ अधिक ५, म्हणजे १४. वरकरणी अन्याय उघड दिसतो. पण मनोबळीला या पायरीला अवघ्या ११ शक्ती ठाऊक असतात, तर मांत्रिक आपल्या पोथीत सापडेल तो मंत्र उतरवून घेऊ शकतो. शिवाय मांत्रिकाचा अग्निगोल पायरीबरोबर आपोआप वाढतो: पाचव्या पायरीला सहा बाजूंचे पाच फासे, दहाव्या पायरीला दहा, खर्च तोच. मनोबळीला मात्र ऊर्जेच्या झोताचे पाचाचे दहा फासे करावयाचे तर ५ ऐवजी १० गुण मोजावे लागतात. इथवर नियमकर्त्यांनी तोल चांगला साधला आहे.

खरा फरक निराळ्याच ठिकाणी आहे. मांत्रिकाची पुंजी रेशन कार्डासारखी असते. तांदळाचा कोटा निराळा, गव्हाचा निराळा, साखरेचा निराळा. साखर नको म्हणून तिच्याऐवजी तांदूळ मिळत नाही. मनोबळीची पुंजी पगारासारखी. आवडेल तर एक तारखेलाच सारा उडवावा. आणि योद्धा? तो रोजंदारीवर. त्याची तलवार रोज चालते; तिला साठा नाही आणि संपणेही नाही.

समजा, दिवसात एकच लढाई झाली आणि ती चार फेऱ्या चालली. समोर एकच शत्रू आहे आणि सर्व घाव लागले असे धरू. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन. मनोबळी चारही फेऱ्या पाच फाशांचा झोत सोडील: दर वेळी १७.५, एकूण ७०, आणि वर ५ गुण शिल्लक. मांत्रिक एक अग्निगोल (१७.५), दोन अग्निकिरण (प्रत्येकी चार फासे, १४) आणि एक मंत्रबाणांचा मारा (१०.५) करील: एकूण ५६. योद्ध्याच्या कुऱ्हाडीचा एक घाव सरासरी ९.५ धरला तर चार फेऱ्यांत ३८.

आता त्याच दिवसात चार लढाया झाल्या, प्रत्येकी चार फेऱ्यांच्या, आणि मध्ये झोप नाही, असे धरा. फेऱ्या झाल्या सोळा. मनोबळीचे २५ गुण पाच झोतांत संपले: ८७.५. उरलेल्या अकरा फेऱ्या त्याने धनुष्याचे दोन-चार बाण मारावेत. मांत्रिकाचे सहाही मंत्र मिळून ७७. दहा फेऱ्या रिकाम्या. योद्धा मात्र सोळाही फेऱ्या उभा: १५२.

तीच पात्रे, तेच नियम, आणि उत्तर पार उलटे! पहिल्या हिशेबात योद्धा शेवटचा, दुसऱ्यात तोच पहिला. आकड्यांची कोष्टके महिनोन्महिने घासत बसलेल्यांच्या लक्षात येत नाही ते हे, की तोल पुस्तकात अर्धाच असतो. उरलेला अर्धा सूत्रधाराच्या हातातील घड्याळात असतो. दोन विश्रांतींमध्ये किती संकटे आणावयाची हे तो ठरवितो, आणि त्यावर कोण नायक आणि कोण प्रेक्षक हे ठरते. सावंतवाडीच्या गंजिफेतील दिवस आणि रात्र ती हीच.

तिसरा खेळाडू

आमचा सहा जणांचा गट गेले वर्षभर दर रविवारी मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या गच्चीवर खेळतो. पावसाळ्यात जिन्याखालची जागा. महागडी पुस्तके आमच्यापैकी कोणाजवळ नाहीत. जुन्या आवृत्तीचे नियमसार पूर्वीपासून मोफत मिळते, त्यात मनःशक्तीही आहे. नव्या आवृत्तीचे नियमसारही जानेवारी २०२३ मध्ये मुक्त परवान्याखाली आले. त्यावर आमचे भागते.

गटात पाच रस्त्याजवळच्या एका दुकानात काम करणारी एक मैत्रीण आहे. आठवड्यातून एकच सुटी, आणि तीही अर्धी. तिने कुऱ्हाडधारी योद्धा घेतला होता. एका मित्राने मनोबळी घेतला. दिवसाला एक लढाई, लढाई झाली की विश्रांती, अशी आमची तेव्हाची रीत. लागोपाठ तीन रविवार असे झाले, की दारापलीकडे कोण आहे हे मनोबळीने मनानेच ओळखले, पहारेकऱ्याचे मन फिरविले, आणि सरदाराला पहिल्या दोन फेऱ्यांत लोळविले. तिची पाळी येई तेव्हा मारावयाला कोणी उरत नसे. चौथ्या रविवारी ती आली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, “अरे, तुमचं बघायलाच यायचं तर घरी टीव्ही आहे की.”

या एका वाक्यात सारा विषय आला. मंत्रबळ थोर की मनोबळ थोर, या वादात आमचे मांत्रिक आणि मनोबळी तासन्तास रंगत. पण तोलाची परीक्षा त्या दोघांत होतच नाही. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्या तिसऱ्याच्या पाळीला काय उरते, येथे ती होते. दोन श्रीमंतांनी आपसात वाटणी सारखी करून घेतली म्हणजे गावात समता आली, असे कोणी म्हणत नाही.

मग आम्ही बसून पाच नियम केले. ते येथे देतो. दुसऱ्या कोणा गटाला उपयोग झाला तर आनंद आहे.

पहिला: कुलूप एकच. मंत्राला जो प्रतिकार, तोच मनःशक्तीला.

दुसरा: एका फेरीत मनोबळीने आपल्या पायरीच्या आकड्याहून अधिक गुण खर्चू नयेत. हा मूळ ग्रंथातीलच नियम आहे, पण घाईत तो हमखास विसरला जातो. म्हणून तो पुठ्ठ्यावर लिहून मध्ये ठेवला.

तिसरा: शक्तीला खूण हवी. मांत्रिकाचे तोंड बांधता येते, हात धरता येतात. मनोबळी गप्प बसूनच सारे करतो, त्याला अडवावे कसे? मूळ नियमांत मनःशक्ती वापरताना नाद, प्रकाश किंवा गंध अशी काही खूण प्रकटते असे दिलेच आहे. आम्ही ती सक्तीची केली. आमच्या मनोबळीची खूण भिजलेल्या मातीचा वास. तो सुटला की पहारेकरी सावध.

चौथा: दोन विश्रांतींमध्ये किमान तीन संकटे. तीनही लढायाच असाव्यात असे नाही. कोसळणारा पूल किंवा रडणारे मूलही चालते.

पाचवा: प्रत्येक बैठकीत निदान एक काम असे असावे, की जे मंत्रानेही होत नाही आणि मनानेही होत नाही. वजन उचलावे लागेल, रात्रभर नाव वल्हवावी लागेल, गावकऱ्यांना शब्द देऊन तो पाळावा लागेल.

मैत्रीण परत आली. पुढच्याच बैठकीत मनोबळीचे गुण दुसऱ्या संकटात संपले, आणि तिसऱ्यात बोगद्याच्या तोंडाशी ती एकटी कुऱ्हाड घेऊन सहा फेऱ्या उभी राहिली. मनोबळी तिच्या पाठीमागून तिला दिवा धरत होता. त्या रविवारी सर्वांत जास्त ओरडला तोही तोच.

भाषेचा एक मुद्दा

शेवटी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. नियमांची पुस्तके इंग्रजीत आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच; वडील खरोखरच रोजंदारीवर आहेत, आणि वरचा दाखला मला शोधावा लागला नाही. गटात ज्याला इंग्रजी भरभर वाचता येते तो पानावर बोट ठेवून म्हणतो, “असं लिहिलंय,” आणि बाकीचे मान डोलावतात. ही गटातील सर्वांत प्रबळ शक्ती. तिला फासे लागत नाहीत, गुण लागत नाहीत आणि तिच्यावर प्रतिकारही नाही. जो नियम सर्वांना वाचता येत नाही तो वाचणाऱ्याच्या हातचा मंत्रच होय.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आमच्या नियमांची आठ पानांची मराठी वही केली. शब्द जमवताना त्रास झाला. काही ठिकाणी ‘लेव्हल’ आणि ‘डॅमेज’ तसेच ठेवले, कारण सर्वांच्या तोंडी तेच आहेत. वही टेबलाच्या मधोमध असते. आता वाद झाला की दुकानात काम करणारी आमची मैत्रीण स्वतः पान उलटून म्हणते, “दाखव, कुठं लिहिलंय?”

तात्पर्य, सामर्थ्ये सारखी करता येत नाहीत आणि करूही नयेत. योद्धा, मांत्रिक आणि मनोबळी एकाच साच्याचे झाले तर खेळात राम उरणार नाही. सारखी करावयाची ती तीन गोष्टींत: प्रत्येक शक्तीची किंमत सर्वांसमोर मोजली जावी, प्रत्येक शक्तीला उत्तर असावे, आणि प्रत्येकाची पाळी खरोखर त्याची असावी. पाचव्या पायरीचा मनोबळी आणि साधा कुऱ्हाडवाला यांना एका टेबलावर सुखाने बसविणे जमते, हे आम्ही मुलुंडच्या एका गच्चीवर पाहिले आहे. ज्या मित्रांना स्वतः करून पाहावयाचे असेल त्यांनी फासे घेऊन यावे. वहीची प्रत मी काढून देईन.